जीपगाडीचा सोलेनॉइड: त्याचे कार्य व दुरुस्ती

मोटारगाडी सुरू करणे म्हणजे काय, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्यास केला, तर तो तत्काळ उत्तर देईल की, किल्ली फिरविणे. हे उत्तर व्यवहारापुरते ठीक आहे. परंतु त्यात खरी गोष्ट झाकून राहते. किल्ली फिरविणाऱ्या दोन बोटांत जड डिझेल इंजिन हलविण्याचे बळ नाही, व किल्लीस जोडलेल्या बारीक तारेतूनही त्या कामास पुरेल इतकी वीज वाहू शकत नाही. मग बोटांच्या एवढ्याशा हालचालीने शेकडो अँपिअर विजेचा लोंढा सुटतो कसा? हे काम ज्या भागाकडे असते त्याचे नाव सोलेनॉइड. तो आकाराने मुठीएवढा असून स्टार्टर मोटारीच्या पाठीवर बसविलेला असतो. गाडी 'सेल्फ घेत नाही' अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. अनेकदा दोष ह्या मुठीएवढ्या भागात असतो, आणि खर्च मात्र नव्या बॅटरीवर किंवा सबंध नव्या स्टार्टरवर होतो. म्हणून ह्या भागाची रचना कशी असते, तो बिघडला हे कसे ओळखावे, व तो दुरुस्त कसा करावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वी मोटार सुरू करावयाची म्हणजे पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. इंजिनाने उलट झटका दिला, तर हँडल मारणाराचे मनगट मोडे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग नामक शोधकाने १९११ साली मोटारीसाठी विजेचा स्टार्टर सिद्ध केला, व १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसविण्यात आला. तेव्हापासून हँडल हळूहळू मागे पडत गेले.

जीपगाडी ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील निर्मिती होय. चिखल, वाळू व चढ ह्यांतून वाट काढता यावी म्हणून तिच्या चारही चाकांस इंजिनाचे बळ पोचविण्याची सोय केलेली असते. आपल्या देशात मोटारींचा धंदा उभा करणाऱ्यांत, सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद हे अग्रगण्य होत. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. जीपगाड्यांची जोडणी मात्र १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. पुढे त्याच घराण्यातून अनेक गाड्या निघाल्या. २०१० साली आलेली 'थार' ही त्यांपैकीच एक. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. परंतु पावसाळ्यात तीच जमीन चाकास अशी धरून ठेवते की, साध्या गाडीचे तेथे काही चालत नाही. अशा ठिकाणी चारचाकी बळाची जीप उपयोगी पडते. पण जी गाडी चिखलात उभी आहे तिला धक्का मारून सुरू करता येत नाही. म्हणून तिचा स्टार्टर विश्वासाचा असणे इतरांपेक्षा अधिक अगत्याचे आहे. जीपसारख्या दिसणाऱ्या पुष्कळ गाड्यांत केवळ मागच्याच चाकांस बळ असते. स्टार्टरच्या बाबतीत दोहोंत भेद नाही, सबब पुढील माहिती त्यांच्या मालकांसही उपयोगी पडेल.

युद्धकाळातील विलिस जीपमध्ये सोलेनॉइड नव्हता. चालकाच्या पायाखाली एक जाड बटण असे. ते पायाने दाबले म्हणजे बॅटरीची जाड तार स्टार्टरशी जोडली जाई व इंजिन फिरू लागे. पुढे पायाच्या बटणाची जागा किल्लीने घेतली. परंतु जाड तारा जोडण्याचे काम कोणी तरी करावयास हवेच. ते काम एका विद्युच्चुंबकाकडे सोपविण्यात आले. सोलेनॉइड म्हणजे पूर्वीच्या चालकाचा पाय होय, असे विद्यार्थ्यांनी ध्यानात धरले तर त्याचे निम्मे कार्य समजले.

विद्युच्चुंबकाचे तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाने पाहिलेले असते. तारेतून वीज वाहू लागली की, जवळची होकायंत्राची सुई हलते, हे डेन्मार्कमधील ओर्स्टेड ह्याने १८२० साली दाखविले. १८२५ साली विल्यम स्टर्जन ह्या इंग्रजाने लोखंडाभोवती तार गुंडाळून पहिला विद्युच्चुंबक तयार केला. सोलेनॉइड हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअर ह्याने दिले असून त्यातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नळी असा आहे. तारेच्या नळीसारख्या वेटोळ्यातून वीज सोडली असता तोंडाशी धरलेली लोखंडी कांडी आत ओढली जाते, आणि वीज बंद करताच ती सुटते. एवढेच तत्त्व ह्या भागात उपयोगास आणलेले आहे.

आता रचना पाहू. सोलेनॉइडच्या नळीत एक लोखंडी दट्ट्या असतो. किल्ली फिरविली की तो आत ओढला जातो व एकाच हालचालीत दोन कामे करतो. त्याच्या एका टोकास अडकविलेला काटा स्टार्टरचे लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत बसवितो. दुसरे टोक तांब्याच्या एका चकतीस रेटते. समोर दोन जाड तांब्याचे बोल्ट असतात. एकास बॅटरीची तार, दुसऱ्यास स्टार्टर मोटारीची तार. चकती दोहोंवर टेकताच पूल पुरा होतो व विजेचा लोंढा मोटारीत शिरतो. आधी दाते गुंतावेत व मगच मोटार फिरावी, असा हा क्रम असतो. तो उलटा झाला तर दाते खाल्ले जातील.

नळीवर वेटोळी दोन असतात. एक दट्ट्यास ओढण्याचे व दुसरे त्यास धरून ठेवण्याचे. ओढण्यास बळ अधिक लागते, म्हणून आरंभी दोन्ही काम करतात. चकती टेकली की ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांस बॅटरीचा सारखाच दाब मिळतो, त्यामुळे त्यातील प्रवाह आपोआप थांबतो. पुढचे काम एकटे धरणारे वेटोळे थोड्या विजेत करीत राहते. किल्ली सोडली की स्प्रिंग दट्ट्यास मागे आणते.

हा तांब्याचा पूलच बहुधा बिघडतो. दर वेळी चकती टेकताना व सुटताना ठिणगी उडते. तांबे थोडे थोडे जळते, त्यावर खड्डे पडतात व काळा थर जमतो. एवढ्याशा काळ्या थराने गाडी कशी अडेल, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर जर्मन शास्त्रज्ञ ओहम ह्याने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमात आहे. समजा, त्या जागी विजेस होणारा विरोध एक ओहमचा केवळ शंभरावा भाग आहे, व स्टार्टर २०० अँपिअर प्रवाह ओढीत आहे. दोहोंचा गुणाकार २ व्होल्ट. म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टांपैकी २ वाटेतच खर्ची पडले, आणि त्या बिंदूवर ४०० वॅट उष्णता निर्माण झाली. त्या उष्णतेने तांबे अधिक जळते, विरोध अधिक वाढतो, आणि शेवटी चकती टेकूनही वीज पलीकडे जात नाही.

ह्यावरून एक प्रचलित गैरसमज दूर व्हावा. "दिवा लख्ख लागतो आहे, तेव्हा बॅटरी व तिचे जोड ठीकच असले पाहिजेत," असे लोक म्हणतात. ६० वॅटचा एक दिवा केवळ ५ अँपिअर प्रवाह घेतो. बॅटरीच्या टोकाशी तोच शंभरावा भाग विरोध असला, तरी दिव्याचे नुकसान एका व्होल्टच्या विसाव्या भागाएवढे. ते डोळ्यास दिसत नाही. शिवाय दिव्याची वीज सोलेनॉइडच्या चकतीवरून जातच नाही. सबब दिव्याच्या उजेडावरून स्टार्टरच्या वाटेची परीक्षा करणे म्हणजे पायवाटेने माणूस गेला म्हणून तीवरून भरलेली बैलगाडीही जाईल असे मानणे होय.

ह्या गैरसमजाचे परिणाम आम्ही जवळून पाहिले आहेत. एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे जुनी डिझेल जीप होती. ती अधूनमधून सेल्फ घेईनाशी झाली, तेव्हा त्यांनी नवी बॅटरी घेतली. नव्या बॅटरीच्या जोराने दट्ट्या जरा जोरात आदळे, म्हणून काही आठवडे गाडी चालली. पुन्हा पूर्वीचा पाढा सुरू झाला. वर्षाच्या आत दुसरी बॅटरी आली, तरी रोग तोच. मग मुलाने कोणाकडून तरी एक युक्ती शिकून घेतली. वडिलांनी किल्ली फिरवून धरावयाची, आणि मुलाने गाडीखाली शिरून सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवावयाचा. ठिणग्यांचा लोट उडे आणि गाडी सुरू होई. मुलगा हे मोठ्या अभिमानाने वर्गात सांगत असे, व इतर मुले कौतुकाने ऐकत. आम्ही त्यास विचारले, "अरे, तुझ्या स्क्रू-ड्रायव्हरने गाडी सुरू होते, ह्यावरून काय सिद्ध झाले?" त्याने थोडा विचार करून म्हटले, "सर, बॅटरी चांगली आहे, मोटारही चांगली आहे. मधला पूल तेवढा खराब आहे." उत्तर बिनचूक होते. रोगाचे निदान त्याच्या हातात कित्येक महिने होते. औषध मात्र कोणी केले नव्हते. पुढे सोलेनॉइड उघडून पाहिला, तेव्हा चकतीची एक कड जळून झिजलेली आढळली. थोड्याशा खर्चात ते काम झाले.

ही युक्ती किती घातक आहे, हे येथे स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. गाडीखाली निजलेला मनुष्य चाकाच्या शेजारी असतो. गिअर चुकून पडलेला राहिला, तर इंजिन फिरताच गाडी चालू लागते. चारचाकी बळाच्या जीपमध्ये सावकाश पण जोरदार चालीचा वेगळा गिअर असतो. तो पडलेला असल्यास, इंजिन पेटण्यापूर्वीच, एकटा स्टार्टर गाडी पुढे रेटू शकतो. कित्येक जण बॅटरीच्या बोल्टापासून सोलेनॉइडच्या बारीक टोकास वीज देऊन, आसनावर कोणी नसतानाच, बाहेरून गाडी सुरू करतात. ज्या जुन्या डिझेल गाडीत इंजिन बंद करण्यासाठी दोरी ओढावी लागते, तिला पेट घेण्यास किल्लीचीही गरज नसते. अशी गाडी सुरू झाली तर ती थांबविण्यास आत कोणीच नाही. ह्याखेरीज, बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने स्फोट पावतो. आणि स्क्रू-ड्रायव्हर चुकून गाडीच्या सांगाड्यास टेकला, तर तो क्षणात तापून हात भाजतो. बारा व्होल्टांचा धक्का बसत नाही म्हणून बारा व्होल्ट निरुपद्रवी, असे कोणी समजू नये. पालकांस आमची आग्रहाची विनंती आहे की, मुलांस ह्या कामी गाडीखाली कदापि पाठवू नये.

दोष ओळखण्यास गाडीखाली जाण्याची गरज बहुधा पडत नाही. कान व डोळे पुरेसे आहेत. पुढचा दिवा लावावा, व दुसऱ्या माणसास किल्ली फिरविण्यास सांगून लक्षपूर्वक ऐकावे. एकदाच 'टक्' असा ठळक आवाज आला, दिव्याचा उजेड तसाच राहिला, व मोटार फिरली नाही, तर चकतीचा पूल किंवा मोटारीचे कार्बन ब्रश खराब आहेत. 'टक् टक् टक्' असा सतत आवाज होऊन दिवा मंदावला, तर बॅटरी उतरलेली आहे, किंवा तिचे जोड व अर्थिंगची तार सैल अथवा गंजलेली आहे. हे सर्व ठीक असूनही तोच आवाज आला, तर धरणारे वेटोळे तुटलेले असण्याचा संभव आहे. काहीच आवाज नाही, तर वीज सोलेनॉइडच्या बारीक तारेपर्यंत पोचतच नाही, किंवा वेटोळे तुटले आहे. नव्या गाड्यांत रिले व क्लचखालील स्विच हेही पाहावे लागतात. मोटार घरघर फिरते पण इंजिन हलत नाही, तर पिनियन किंवा काटा ह्यांत दोष आहे. आणि किल्ली सोडूनही स्टार्टर फिरतच राहिला, तर चकती बोल्टांस चिकटली आहे असे समजून बॅटरीची तार ताबडतोब सोडवावी.

ज्यांच्याजवळ व्होल्ट मोजण्याचा मीटर आहे त्यांनी आणखी एक परीक्षा करावी. गाडी न्यूट्रलमध्ये व हँडब्रेकवर असावी. मीटरच्या तारा आधी पक्क्या जोडून सर्वांनी गाडीपासून दूर व्हावे, व मगच किल्ली फिरवावी. मीटर दोन जाड बोल्टांमध्ये जोडला असता चांगल्या सोलेनॉइडमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी आकडा दिसेल. 'टक्' आवाज होऊनही आकडा १२ च्या आसपास राहिला, तर पूल जुळलेला नाही. मोटारीच्या बोल्टावर पुरेसा दाब पोचत असून मोटार स्तब्ध असेल, तर सोलेनॉइड निर्दोष व मोटार दोषी.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. गाडी सपाट जागी उभी करावी, गिअर न्यूट्रल करावा, हँडब्रेक ओढावा व चाकांस पुढून-मागून दगड लावावेत. जीपमध्ये चारचाकी बळाची दांडी मध्यावर राहिली असल्यास पडलेला गिअरही गाडीस धरून ठेवीत नाही, म्हणून दगड अवश्य लावावेत. नंतर बॅटरीची अर्थिंगची तार प्रथम काढावी. ती आधी का? कारण दुसरी तार सोडताना पाना सांगाड्यास लागला तर मोठी ठिणगी उडते. अर्थिंग सुटलेली असेल तर विजेस परतीची वाटच उरत नाही. मग तारांवर खुणा करून त्या सोडवाव्यात, व बोल्ट काढून स्टार्टर खाली घ्यावा. तो जड असतो. त्यास खालून आधार द्यावा.

सोलेनॉइडचे स्क्रू काढून तो किंचित वर उचलला की दट्ट्या काट्यातून सुटतो. काहींचे झाकण स्क्रूंनी बसविलेले असते. वेटोळ्यांची टोके जेथे डाखाने जोडलेली असतील तेथील डाख वितळवून झाकण अलगद काढावे. ज्याचे झाकण कायमचे दाबून बसविलेले आहे तो उघडण्याचा अट्टहास करू नये. तो सबंध बदलावा. उघडल्यावर चकती व बोल्टांची डोकी नीट पाहावीत. चकती एका बाजूने जळली असेल तर बहुधा ती उलटी करून बसविता येते, व बोल्ट अर्धा फेरा फिरविला असता त्याची न झिजलेली बाजू समोर येते. किरकोळ काळेपणा बारीक पॉलिश पेपरने काढावा. कानशीने तांबे खरवडू नये. तांबे कमी झाले तर चकती बोल्टांपर्यंत पोचणार नाही. दोन्ही बोल्टांची डोकी एका पातळीत असावीत. अन्यथा चकती एकावरच टेकेल. फार झिजलेली चकती व बोल्ट नवे घालावेत. दट्ट्याची नळी कोरड्या फडक्याने पुसावी. तीत दाट ग्रीस भरू नये, कारण धूळ बसून तेच ग्रीस दट्ट्यास अडविते.

झाकण बसवून डाख दिल्यानंतर, स्टार्टर गाडीत चढविण्यापूर्वी, त्याची परीक्षा घ्यावी. स्टार्टर शेगड्यात घट्ट धरावा व मोटारीची तार बोल्टावरून सोडलेली असावी. बॅटरीचे धन टोक बारीक टोकास, व ऋण टोक सोलेनॉइडच्या अंगास आणि मोटारीच्या बोल्टास जोडावे. दट्ट्या जोराने आत गेला पाहिजे व पिनियन पुढे आले पाहिजे. मग केवळ मोटारीच्या बोल्टावरील तार काढावी. दट्ट्या आतच राहिला तर धरणारे वेटोळे शाबूत आहे. शेवटी अंगावरील तार काढताच तो परत यावा. ही सर्व परीक्षा काही सेकंदांत उरकावी, नाही तर ओढणारे वेटोळे तापून जळेल. गाडीत बसविताना अर्थिंगची तार सर्वांत शेवटी जोडावी.

दुरुस्ती झाली तरी निगा हवीच. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, व उतरलेल्या बॅटरीवर वारंवार किल्ली मारल्याने चकती अधिक जळते. बॅटरीच्या टोकांवर चढणारा पांढरा थर, तारा सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा; ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. इंजिनापासून सांगाड्यापर्यंतची अर्थिंगची पट्टी वर्षातून एकदा सोडवून घासावी. ओढ्याच्या पाण्यातून गाडी नेली असल्यास चिखल वाळून दट्ट्याकडे जाण्यापूर्वी स्टार्टर धुऊन वाळू द्यावा. किल्ली एका वेळी दहा सेकंदांहून अधिक धरू नये, व दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा.

ज्यांस हे काम स्वतः करावयाचे नाही त्यांनीही गाडी इलेक्ट्रिशियनकडे नेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. बॅटरीचे व अर्थिंगचे जोड साफ करून पाहिले काय? किल्ली फिरविली असता सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये किती व्होल्ट दिसतात? आणि जुना भाग उघडून दाखविता येईल काय? चांगला कारागीर ह्या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, गिऱ्हाईक समजूतदार आहे हे पाहून त्यास समाधानच वाटते. विद्यार्थ्यांस इतकेच सांगावयाचे की, परीक्षेच्या वेळी पाठ केलेला ओहमचा नियम घरच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीतही चालतो. तेथे तो लावून पाहिला, तर वडिलांचे दोन बॅटऱ्यांचे पैसे वाचतील, आणि कोणाच्या मुलास ठिणग्यांखाली निजावे लागणार नाही.